थंड हवेचं कॉलेज

आमच्या घरात उन्हाळे दोन असत. एक सगळ्या डिचोली तालुक्यात असे तो, शिमगा सरल्यावर दिवसागणिक चढत जाणारा, घामाने पाठीला चोळी चिकटवणारा. आणि दुसरा आमचा स्वतःचा, घरामागे काजूच्या भाटाच्या, म्हणजे बागेच्या, कडेला, माडाच्या झावळांनी शाकारलेल्या मांगराच्या खोपीत पेटलेला. पहिला उन्हाळा रात्री थोडा तरी उतरायचा. दुसरा उतरायचा नाही, कारण काजूचा हंगाम चालू असेपर्यंत आमची दारूची भट्टी विझवून चालत नसे. पिंपात भरलेला रस आंबून तयार झाला की तो थांबत नाही; आज काढला नाही तर उद्या त्याचं नुसतं आंबट पाणी होतं. त्यामुळे मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत आमचं सगळं घर त्या आगीच्या वेळेवर उठायचं, जेवायचं आणि निजायचं.

गाव लाटंबार्से. भाताचा मळा जिथे संपतो तिथून डोंगरावर चढत गेलेली काजूची झाडं, आणि मळा व डोंगर यांच्या मध्ये आमचं घर. सकाळी उजाडायच्या आत आई आणि मी टोपल्या घेऊन वर जायचो आणि रात्री गळून पडलेले बोंडू वेचायचो. बोंडूच्या बुडाची बी पिळून वेगळी करायची, ती विकायला. फळ दादांच्या ताब्यात जाई. दादा म्हणजे माझे वडील. ते दगडाच्या उथळ कुंडात उभे राहून पायांनी फळ तुडवत आणि रस खाली मडक्यात उतरत राही. त्या ताज्या रसाचा एक पेला मला आणि धाकट्या भावाला, विष्णूला, मिळायचा. घसा किंचित धरायचा, पण त्याची गोडी दुसऱ्या कशाला नाही. मग पेज, मिठात घातलेली तोर, म्हणजे कैरी, कधी सुक्या सुंगटांची, कोळंबीची, किसमूर. पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की आई पाव घ्यायला धावायची, आणि धावतानाही तिच्या हातात काही ना काही असायचंच, सूप, टोपली, विळी.

संध्याकाळची माझी जागा ठरलेली होती. भट्टीत दोन मडकी असतात, एक आगीवरचं, ज्यात रस उकळतो, आणि एक बाजूचं, ज्यात नळीतून वाफ येते. या दुसऱ्या मडक्यावर सतत गार पाणी ओतत राहावं लागतं, तरच वाफेची दारू होते. हात थांबला की वाफ निसटली. तर मी शाळेतून आले की करवंटीचा डवला घेऊन त्या मडक्याजवळ बसायची. डाव्या हाताने पाणी, उजव्या हाताने आगीत लाकूड सारायचं, आणि मांडीवर पुस्तक उघडं. मडकं थंड राहायचं, मी तापायची. पानांवर घामाचे थेंब पडून इतिहासाच्या पुस्तकातले कित्येक राजे पुसट झाले होते. शाळेत बाकावर शेजारी बसणारी मुलगी हंगामात दूर सरकून बसे, कारण माझ्या परकराला आणि केसांना भट्टीचा वास असायचा. ती वाईट नव्हती. वास होताच.

हे लिहिताना मला कोणावर राग काढायचा नाही. त्या भट्टीनेच मला शिकवलं, वह्या-पुस्तकं त्याच पैशांची. पण आजही एप्रिल आला की माझा डावा खांदा दुखायला लागतो. डॉक्टर वयाचं सांगतात. मी मान डोलावते.

बारावीची परीक्षा डिचोलीला होती. वर्गावर सिमेंटचे पत्रे, पंखा एक, तोही दाराशी. अर्थशास्त्राच्या पेपराला अर्धा वेळ गेला असेल, मला अक्षरं हलताना दिसू लागली. पुढचं आठवतं ते एवढंच की मी व्हरांड्यात लादीवर आडवी आहे आणि कुणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारतंय. लादी गार होती. मला तिथून उठावंसंच वाटेना. देखरेखीच्या बाई भल्या होत्या. त्यांनी मला पुन्हा आत नेऊन बसवलं, मी उरलेला पेपर कसाबसा लिहिला, आणि पासही झाले. पण बाहेर न्यायला आलेल्या दादांना त्या म्हणाल्या, "या मुलीला हवा मानवत नाही हो. जपा तिला."

हवा मानवत नाही. आमच्याकडे हे शब्द फार कामाचे आहेत. घाटावरून आणलेला बैल खंगला की त्याला हवा मानवली नाही. कलम जगलं नाही की माती नाही तर हवा मानवली नाही. नवी सून वर्षभरात वाळून काटकी झाली की तिच्या माहेरचे येऊन म्हणत, पोरीला हंयची हवा मानवत नाय, चार महिने घेऊन जातों. मग सासरचे मुकाट्याने पाठवत. त्या घरात तिला काय खायला मिळतं, किती राबावं लागतं, कोण बोलतं, हे कोणी विचारायचं नाही. हवेचं नाव घेतलं की सगळ्यांची अब्रू राहायची. त्या बाईंनी नकळत ते शब्द माझ्या हातात दिले, आणि मी ते घट्ट धरून ठेवले.

त्याच मे महिन्यात मामाच्या मुलीचं लग्न ठरलं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, पेडण्याकडे तुयेच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होता. त्याआधी तरुणपणी त्याने बेळगावच्या एका फाउंड्रीत काही वर्षं काढली होती, म्हणून लग्नाचा बस्ता बेळगावलाच बांधायचा हे त्याच्या मते ठरलेलंच. साड्या पसंत करायला त्याच्या मुलीबरोबर मीही गेले. आंबोलीचा घाट चढताना मला उलट्या झाल्या. पण वर पोचल्यावर एस.टी.च्या खिडकीतून जे आत आलं ते मी आधी कधी अंगावर घेतलं नव्हतं. कोरडा वारा. चेहऱ्यावरून हात फिरवला तर हात कोरडाच राहिला. मी पुन्हा फिरवून बघितला. मामाची मुलगी हसायला लागली.

रात्री आम्ही मामाच्या जुन्या घरमालकीणबाईंकडे उतरलो. कमळाकाकू, एकट्याच राहायच्या, मोठं तोंड आणि त्याहून मोठं मन. संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली होती. काकूंनी आमच्या अंगावर कांबळं टाकलं. मे महिन्यात कांबळं! मी ते हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि पडल्या पडल्या ठरवलं की कॉलेज करायचं तर इथे. ते कॉलेज कसं आहे, तिथे काय शिकवतात, मास्तर कोण आहेत, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं.

माझी भाची तन्वी, विष्णूची धाकटी, सध्या हेच करतेय. बारावी झाली, आणि रोज संध्याकाळी फोनवर एकेका शहराचं वर्षभराचं तापमान काढून बसते. "आत्ये, मंगळूर नको, आपल्यासारखाच घाम. नागपूर तर नकोच नको. पुणं चालेल, पण तिथेही आता उकडतं म्हणे." विष्णू चिडतो. म्हणतो, आम्ही कॉलेजची फी बघतो आणि ही पारा बघते. तिच्या खोलीत एसी आहे, भट्टी तर केव्हाच गेली, बापाच्या घरात तिला काडीचं काम पडत नाही. तरी तिला इथून जायचंय हे खरं, आणि का जायचंय हे तिला सांगायचं नाही हेही खरं. ती हवेवर ढकलतेय. ढकलू दे.

निकाल लागल्यावर मामा मुद्दाम लाटंबार्स्याला आला. हंगाम संपत आला होता, शेवटची भट्टी लागली होती. आम्ही मांगरातच होतो. दादा लाकडं फोडत होते, मी डवला घेऊन मडक्यापाशी, आई बाहेर बिया सुकत घालत होती. मामा उंबऱ्यावर फडक्याने वारा घेत बसला.

"बाय माझ्याकडे येवंदे," तो दादांना म्हणाला. "तुयेंसून म्हापशाक बस मेळता. कॉलेज करात, घरात जेवात. तुमका कसलोच तरास नाय."

"आणि हंगामात?" दादांनी विचारलं.

"हंगामात सुटीयेक येतली मगे! लांब काय हा?"

दादांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. राहायचा खर्च नाही, पोरगी नात्यातल्या घरात, आणि मार्च लागला की पुन्हा मडक्यापाशी. मला पुढची तीन वर्षं तिथे बसल्या बसल्या दिसली. माझा हात थांबला असावा, कारण नळीतून वाफेचा फुत्कार झाला आणि दादा ओरडले, "उदक!"

मी पाणी ओतलं आणि म्हणाले, "माका बेळगावाक शिकूचा आसा."

मामाला वाटलं मी थट्टा करतेय. "बेळगावाक? थंय काय आसा?"

"थंय हवा थंड आसा. माका हंयची हवा मानवत नाय. परीक्षेक बाईनी सांगलां दादांक."

मामा जो हसत सुटला तो थांबेना. "कॉलेजीत शिकूक जातत काय हवा खावक? भावजी, ऐकलास? गव्हर्नराची चेडू तुमची! आमचे पूर्वज हंयच घामान न्हाले, हंयच मेले, आणि हिका थंड हवेचा कॉलेज होया. उद्या म्हणात, नवरो पण बर्फातलो बघा!"

मलाही हसू आलं आणि रडूही. दादा मात्र हसले नाहीत. त्यांनी कुऱ्हाड ओंडक्यावर टेकवली आणि माझ्याकडे बघत राहिले. माझे वडील तोलून बोलणारे. जानेवारीत ढग धरले की मोहोर करपतो, थंडी चांगली पडली की बोंडू भरतो, हे ते आभाळाकडे बघून सांगायचे, आणि माणसाकडेही तसंच बघायचे.

"हवा मानवत नाय," ते सावकाश म्हणाले, "काय भट्टी मानवत नाय?"

मामाचं हसणं बंद झालं. मी खाली बघून पाणी ओतत राहिले. खरं सांगायचं तर त्या वेळेपर्यंत मलाच ते दोन वेगळे करता येत नव्हते. मला खरंच उकडायचं, खरंच भोवळ आली होती. पण बेळगावचं कांबळं आठवलं की त्यात थंडीबरोबर दुसरंही काही होतं, की तिथे संध्याकाळ झाली आणि मला कोणी हाक मारली नाही. हे बापाच्या तोंडावर कसं बोलायचं? बापाची रोजीच ती.

तेवढ्यात आई आत आली. हातात रिकामी टोपली होती, ती तिने कोपऱ्यात उपडी घातली. आई फार बोलणारी नव्हती. दिवसभरात तिचे शब्द निम्मे गुरांना, निम्मे आम्हाला.

"तिका भट्टी नाका," ती म्हणाली. "ती सांगूची नाय, म्हणान मी सांगतंय. जावंदे तिका खंय जाता थंय. मडक्यार उदक मी वततंय."

"आणि आग कोण बघतलो?" मामाने विचारलं.

"मीच."

"दोन हात तुझे, शेवंते."

"मगे आजपर्यंत किती होते?" आई म्हणाली, आणि माझ्या हातातून डवला घेऊन माझ्या जागेवर बसली. मी उठून उभी राहिले. काय करावं सुचेना. आईने वर न बघता म्हटलं, "वच. न्हाव घे." म्हणजे जा, आंघोळ कर. मी विहिरीवर गेले. पाणी ओढताना मागे दादा काहीतरी बोलत होते, आणि डवल्यातून मडक्यावर पाणी पडत राहिल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी मामाला सांगितलं की बेळगावच्या त्या बाईला निरोप धाड.

मी कमळाकाकूंच्या मागच्या खोलीत राहू लागले. भाडं थोडं आणि बाकीच्याच्या बदल्यात त्यांची धुणीभांडी. पहिला पावसाळा म्हणजे सतत भुरभुर, ऊन नाही, कपडे चार चार दिवस ओले. पायांच्या बोटांना खाज सुटून ती लाल झाली, तेव्हा काकू म्हणाल्या, "गोव्याचं कोवळं पाय तुझं, थंडी चावली बघ." थंडी चावते हे मला नवीन होतं. मासळी नाही, भाकरी तोडून तोडून जबडा दुखायचा, कॉलेजात माझं मराठी ऐकून मुली एकमेकींना कोपरं मारायच्या. पण मी पुस्तक उघडलं की पान कोरडं राहायचं. हे मी कोणाला समजावून सांगू शकले नाही, अजूनही नाही. कोरड्या पानावर वाचलेलं माझ्या डोक्यात राहू लागलं. वर्गात नंबर लागला. एका सरांनी आपणहून पुस्तकं दिली, फी भरायला आठ दिवस उशीर झाला तर स्वतः ऑफिसात जाऊन बोलले. त्या माणसांचे उपकार मी कधी फेडले नाहीत, फेडता येण्यासारखे नव्हतेच. आणि दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी वेणी घालताना माझ्या ध्यानात आलं की केसांचा वास गेला.

घराबाहेरचा पहिला एप्रिल आला. तिथेही ऊन तापलं, पण संध्याकाळी वारा सुटायचा. मी काकूंच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची, समोरच्या कडुलिंबाची पानं हलायची, आणि बरोबर त्याच वेळी माझा डावा हात उगीच जड व्हायचा. आता आई मडक्यापाशी बसली असेल. एका हाताने पाणी, एका हाताने लाकूड. मांडीवर पुस्तक नाही, एवढाच फरक. मी परीक्षेचं कारण सांगून त्या हंगामात घरी गेले नाही. पाऊस धरल्यावर गेले तेव्हा आई बारीक झाली होती. मी विचारलं, तर म्हणाली, "उन्हाळो मोठो होतो यंदा." तिनेही हवेवरच ढकललं.

दुसऱ्या वर्षी, मोहोर यायच्या थोडं आधी, मामाला कामासाठी बेळगावला यायचं होतं. तो आईला बरोबर घेऊन आला. दादांनीच धाडलं होतं, पोरगी राहते ती जागा एकदा बघून ये म्हणून. आई जन्मात पहिल्यांदा घाट चढली. एस.टी.तून उतरली तेव्हा तिने लुगड्यावर दादांचा जुना गरम कोट घातला होता आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. हातात पिशवी, त्यात उकडे तांदूळ, तोरांची बरणी, नारळ. मला बघून ती आधी कोट काढायला लागली, लोक बघतील म्हणून. मी म्हटलं, "राहू दे गो, थंडी आहे." ती म्हणाली, "थंडी खंय आसा? ह्या मामान उगीच माझा बुजगावणां केल्यान."

पण थंडी होती. डिसेंबरची, सकाळी तोंडातून वाफ निघण्याइतकी. मामा आपल्या ओळखीच्यांकडे निजायला गेला आणि आई माझ्या खोलीत. कमळाकाकूंनी तिला जेवायला वाढलं, आग्रह केला, चौकशा केल्या. "लेक लई हुशार की वो तुमची. कष्टाला पण मागं नाही बघा." आई नुसती हसली. हात पुसायला फडकं शोधत होती, ते मिळाल्यावर तिने काकूंचा ओटाही पुसून काढला. काकू ओरडल्या, "अवो बसा की! पावण्या हाय तुम्ही!" आई अवघडून बसली. नुसतं बसायची तिला सवय नव्हती. मग मी तिला माझ्या खाटेवर निजवलं, दोन्ही पांघरुणं तिच्या अंगावर घातली आणि खाली चटईवर काकूंची गोधडी घेऊन पडले.

सकाळी मला जाग आली तेव्हा बाहेर दूधवाल्याची घंटा वाजत होती. मी सवयीने वर बघितलं, आई उठून केर काढत असेल म्हणून. ती निजलेली होती.

आता हे वाचणाऱ्याला यात काय विशेष वाटणार? पण मी माझ्या आईला उजेडात निजलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही उठायच्या आधी ती उठलेली असे आणि आम्ही निजल्यावर निजे. तापातसुद्धा ती भिंतीला टेकून बसायची, आडवी व्हायची नाही. तिचा झोपलेला चेहरा कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. तोंड किंचित उघडं होतं. कपाळावरची ती कायमची आठी, जी मला तिच्या चेहऱ्याचाच भाग वाटायची, ती गेली होती. ती मला अनोळखी वाटली, आणि माझ्यापेक्षा फार मोठी नसलेली. मी हळूच कपाळाला हात लावला. कोरडं. एक हात पांघरुणाबाहेर आला होता, कोपरापर्यंत भट्टीच्या चटक्यांचे काळे डाग. त्यातले बरेच माझ्या ओळखीचे होते. काही ओळखीचे नव्हते.

मी तो हात आत घेतला आणि चूल पेटवायला न जाता तशीच बसून राहिले. ऊन खिडकीतून आत आलं, तिच्या पायांवर चढलं. शेजारी कोणीतरी हौदात बादली आपटली, तरी ती हलली नाही. कमळाकाकू दारात आल्या. "अगं, बरं नाही काय आईला? सूर्य डोक्यावर आला की."

"बरं आहे," मी म्हटलं. "झोपलीय."

काकू क्षणभर बघत राहिल्या. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं आणि हौदावरच्या शेजारणीवर दबक्या आवाजात खेकसल्या. माझा तास होता, त्याच सरांचा. मी गेले नाही. ती उठेपर्यंत मी तिथून हलले नाही.

दुपार व्हायला आली तेव्हा ती दचकून उठून बसली. "गोरवांक कोणी सोडल्यान?" तिने विचारलं. मग खोली बघितली, मला बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. "शी! लोक काय म्हणतले? उठवलंस कित्याक नाय गो माका?" दिवसभर ती शरमून होती. अंगणात उन्हाला पाय पसरून बसली, काकूंनी दिलेली भाकरी पेजेत कुस्करून खाल्ली, माझं कॉलेज रस्त्याच्या पलीकडून बघून घेतलं, आत यायला तयार झाली नाही. काकू म्हणाल्या, राहा की आठ दिवस, काय बिघडतंय? तर म्हणाली, "मोहोर येवक लागतलो आता." ती रात्रही ती तशीच निजली, शांत, एका कुशीवर. दुसऱ्या सकाळी मात्र मामाला वेळेवर गाठायचं म्हणून मीच तिला उठवलं. तिच्या खांद्यावर हात ठेवायला मला किती वेळ लागला ते मलाच ठाऊक.

स्टँडवर मामा तिकिटाच्या रांगेत होता. आई पिशवी पायांत धरून बाकावर बसली होती, कोट घालून, आता लोकांची लाज न वाटता. वाऱ्याने तिचे ओठ फुटले होते. मी म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी मोहोराआधी परत ये. पंधरा दिवस. मी दादांना सांगते."

"नाका."

"का? थंडी सोसली नाही?"

"थंडी बरी आसा," ती म्हणाली. "थंडीयेचा काय नाय." मग तिने पायांतली पिशवी जवळ ओढली. "अशी झोप एकदा लागली ती लागली, बाय. परत परत लागली, तर मगे थंय घरात माका झोप येवची नाय."

मामाने लांबूनच हाक मारली. ती उठली, माझ्या गालाला फुटक्या बोटांनी चाचपलं, आणि पायरी चढून आत गेली. आत जागा भरपूर होती. ती उन्हाच्या बाजूला बसली. मी पदवी घेईपर्यंत त्या खोलीत आणखी एक हिवाळा काढला, नंतर पेडणे तालुक्यात मास्तरीण झाले आणि उरलेली सगळी वर्षं पत्र्याखालच्या वर्गात घाम पुसत काढली. आई घाट पुन्हा चढली नाही.